पाच पांढऱ्या खड्यांची पोच

दिनांक : २७ सप्टेंबर २०२४

प्रति,
मा. कार्यकारी दंडाधिकारी साहेब,
तहसील कार्यालय,
जिल्हा धाराशिव.

अर्जदार : अयोध्या बिराप्पा देवकते, वय अंदाजे शेहेचाळीस, धंदा मेंढरं व घरकाम, राहणार मौजे उंबरदरा.

विषय : माझी मुलगी ज्ञानेश्वरी हिच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा बाँड व माफीचा व्हिडिओ न मागणेबाबत, आणि सोबत आणलेले पाच खडे दाखल करून घेऊन त्यांची पोच देणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची नोटीस, जी आमच्या दारावर चिकटवली होती व पावसाने निम्मी धुऊन नेली.
२) दि. १३ सप्टेंबरची सुनावणी.

महोदय,

१. खाली सही करणारी बाई कळवते की, आपल्या नोटिशीत जिला "जाब देणार" म्हटले आहे ती ज्ञानेश्वरी माझी थोरली मुलगी. वय एकवीस पूर्ण, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, रोज एसटीने कॉलेजला जाऊन-येऊन. नोटिशीत असे लिहिले आहे की तिने समाजमाध्यमावर चित्रफीत टाकून गावकऱ्यांना दगड घेऊन ग्रामपंचायतीवर जमण्याची चिथावणी दिली. सबब गावात दगडफेक होऊन शांततेचा भंग होण्याचा संभव आहे. सबब तिने एक वर्ष चांगले वागण्याचा बाँड दोन जामीनदारांसह लिहून द्यावा आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला हजर राहू नये. कोणत्या कलमाखाली, ते पावसाने नेले. येत्या सोमवारी त्या बाँडवर तिची सही व्हायची आहे. ती सही होऊ नये, एवढ्यासाठी हा अर्ज आहे. पुढे जे लिहिले आहे तो या एका ओळीचा खुलासा समजावा. लांबला तर रागाच्या खाती टाकावा.

२. अर्ज माझ्या हाताने लिहिला आहे, त्याचे कारण सांगते. मी आधी आपल्या फाटकाबाहेर अर्ज टाईप करून देणाऱ्यांकडे गेले होते. माझं सांगून व्हायच्या आतच त्यांनी "अनवधानाने चूक झाली, याउपर असे होणार नाही" हे वाक्य छापून टाकले. मी म्हटलं, चूक झालेलीच नाही. ते म्हणाले, बाई, हे वाक्य सगळ्याच अर्जात असतं, त्याशिवाय अर्ज अर्जासारखा दिसत नाही. मग मी कोरे कागद घेतले आणि घरी आले. मी शाळा चौथीपर्यंत पाहिली, तीही मेंढरं गावाजवळ असतील तेवढेच दिवस. पुढचं वाचणं एसटीच्या पाट्यांवरून, किराणा बांधून येतो त्या पेपराच्या तुकड्यांवरून आणि लेकीच्या पुस्तकांवरून माझं मीच शिकले. त्यामुळे माझ्या लिहिण्यात सरकारी भाषा आणि घरची भाषा एकाच चुलीवर नांदतात. त्यांचं आजवर भांडण झालेलं नाही, आपणही लावू नये.

३. आता खड्यांविषयी. आपण या जिल्ह्यात नवीन आहात असे समजते. नवीन असणे हा काही गुन्हा नाही. पण नवीन माणूस वाट विचारतो. आपण वाट न विचारता नोटीस काढली.

चैत्रात येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते. पालखी आमराईकडे निघते आणि तिथे चुन्याचं रान आहे. त्या रानात माणूस मुंग्यांसारखा उतरतो आणि खाली वाकून चुनखडीचे पांढरे खडे वेचतो. प्रत्येकाने पाच. वेचलेले खडे एका जागी टाकायचे, त्याचा ढीग होतो, आणि त्या ढिगाचा चुना देवळाला लागतो, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तिथे मोठा-लहान कुणी राहत नाही, सगळ्यांच्या पाठी सारख्याच वाकलेल्या असतात. बंदोबस्ताला उभे असलेले पोलीससुद्धा ड्युटी संपली की टोपी काखेत धरून वाकताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. एवढ्या लोकांच्या हातात एकाच वेळी दगड असतात, साहेब, आणि कुणाचं टाळकं फुटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आमच्याकडे खडा वेचायचा असतो, नेऊन ठेवायचा असतो. फेकायची कल्पना नोटिशीतून आली. ती आमची नाही.

४. चिथावणी कशी सुरू झाली तेही नोटिशीत नाही, म्हणून मी पुरवते. "उंबरदरा लाईव्ह" नावाचं जे पान मोबाईलवर चालतं, ते चालू करून दिलं आमचे सरपंच अण्णाराव यांनीच. मागच्या निवडणुकीच्या वेळी ज्ञानेश्वरी, तिची मैत्रीण मोनिका आणि शाळेतल्या गुरुजींचा मुलगा शंतनू यांना बोलावून त्यांनी मोबाईल ठेवायचा तिपाई स्टँड दिला, तोंडावर उजेड पाडणारा गोल दिवा दिला आणि चहा-भजी दिली. पोरांनी त्यांचे हार घालून घेतानाचे, गाडीतून उतरतानाचे, परत गाडीत चढतानाचे व्हिडिओ काढले. वाढदिवसाला जेसीबीतून फुलं उधळली, तेही काढलं. त्या वेळी अण्णाराव भर चौकात सांगायचे की ही आपली डिजिटल सेना आहे, गावाचं भविष्य आहे. पोरगी घरी येऊन सांगायची आणि मी भाकरी थापता थापता म्हणायची, भविष्याला म्हणावं आधी हात धू.

मग या उन्हाळ्यात नळयोजनेच्या टाकीचं उद्घाटन झालं. मोनिकाने व्हिडिओ काढला. पुढे अण्णाराव फीत कापतायत, बाजूला ग्रामसेवक टाळ्या वाजवतायत. आणि त्यांच्या पाठीमागे, कुणाच्याच लक्षात न येता, माझ्या सासूबाई गौराबाई नळापाशी हंडा घेऊन उभ्या. त्यांनी तोटी फिरवली. काही आलं नाही. उलटी फिरवली. मग वाकून तोटीच्या आत एक डोळा लावून पाहिलं. मग बोटाने टकटक केलं, कुणाच्या दारावर करावं तसं. आणि शेवटी हंडा तिथंच पालथा घालून त्यावर बसल्या, पाणी येईल तेव्हा येईल म्हणून.

पोरांनी सरपंचांचा कार्यक्रम म्हणून मोठ्या भक्तीने तो व्हिडिओ टाकला. जिल्हाभर फिरला. फीत कापणारा कुणी पाहिलाच नाही, सगळ्यांनी मागची म्हातारी पाहिली. पार पुण्याहून लोकांनी विचारलं, आजीला पाणी मिळालं का.

मिळालं नव्हतं. अजून नाही.

त्या दिवशी पोरांना कळलं की फोन पुढच्याला दाखवतो तसा मागच्यालाही दाखवतो. आणि अण्णारावांनाही त्याच दिवशी कळलं. सेना तिथून पुढे "टवाळ पोरं" झाली.

५. पोरांनी पाच प्रश्न काढले. टाकीला रंग चढला, पाणी कधी चढणार. दिव्याचे खांब सरपंचांच्या घराशी येऊन का थांबतात. स्मशानाकडे जाताना ओढ्यात खांद्यावरचं माणूस किती वेळा भिजवायचं. बायकांची वेगळी सभा कधी झाली, कारण आम्हा बायकांना तरी ती कुठं झाली ते ठाऊक नाही. आणि पाचवा, ज्याने खरी आग लागली : ग्रामसभा भर दुपारी का, जेव्हा अर्धं गाव खुरपायला गेलेलं असतं, ती दिवे लागायच्या वेळेला घ्या, आणि ज्यांना येता येत नाही त्यांना मोबाईलवर दाखवा. यातला एकही प्रश्न राजद्रोहाचा मला दिसत नाही. आपल्याला दिसला तर बोट ठेवून दाखवावा.

मग ज्ञानेश्वरीने आमच्याच माळावर, जिथे चुनखडीचा पट्टा आहे तिथे उभं राहून व्हिडिओ केला. तो मी एवढ्या वेळा पाहिला आहे की झोपेत म्हणेन. ती म्हणते : "पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला येताना ज्याने त्याने पाच खडे आणा. प्रश्न पाच आहेत. ज्याचं उत्तर मिळालं, त्याचा खडा परत घरी न्या. ज्याचं मिळालं नाही, तो पंचायतीच्या पायरीपाशी ठेवा. बघू किती उरतात. ढीग लागला तर लागू द्या. त्याचा चुना करू, पंचायतीची भिंत पांढरी करू, आणि कोणतं काम झालं, कोणतं नाही, ते तिच्यावर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहू की एसटीतून जाणाऱ्यालाही वाचता येईल."

यात चिथावणी असेल तर ती रंगकामाची आहे.

६. अण्णारावांचा भाचा रामलिंग याने यातून मोजून दोन तुकडे कापले : "पाच खडे आणा" आणि "ढीग लागू द्या". त्यांना जोडून, मागे ढोल लावून, माझ्या मुलीच्या तोंडाभोवती लाल गोल काढून ते जिल्ह्यातल्या मिळेल त्या ग्रुपवर सोडले. खाली लिहिलं, "सावधान". माणसाचं बोलणं मधून कापलं की काय उरतं हे मेंढरं राखणाऱ्या बाईने आपल्याला सांगायला नको. आपणच उद्या कार्यालयात म्हणालात की लाच घेणाऱ्याला मी सोडणार नाही, आणि मी शेवटचं कापून फक्त "लाच घेणाऱ्याला मी सोडणार" एवढंच ठेवलं, तर आपण मला बाँड मागणार की शिपायाला चहा सांगणार?

हाच रामलिंग. याच्या वाढदिवसाला हायवेच्या कडेला गाड्या आडव्या लावून तलवारीने केक कापला. व्हिडिओ त्याच्याच पानावर आहे, खाली गाणं आहे, आणि तलवारीचं टोक लेकरांच्या डोक्यावरून फिरताना स्वच्छ दिसतं. तो व्हिडिओ मी आपल्या कार्यालयातल्या साहेबांना दाखवला होता. ते म्हणाले, पोरांची हौस असते. माझं म्हणणं इतकंच की हौस कुणाची आणि हत्यार कुणाचं हे आपण एकदा लिहून द्यावं, म्हणजे आम्हाला लेकरं वाढवायला सोपं जाईल.

७. नोटिशीच्या आदल्या दिवशी पोलीस घरी आले. त्यांच्याशी माझी तक्रार नाही, त्यांना पाठवणाऱ्यांशी आहे. त्यांनी मुलीचा फोन घेतला. ओसरीतले पांढरे खडे गोणीत भरले. ते तिने गावातल्या ज्या म्हाताऱ्यांना माळावर जाऊन वाकता येत नाही, त्यांच्यासाठी आणून ठेवले होते. एवढं समजू शकते. पण मग पंचनामा करणाऱ्याला दगड दिसायला लागले. चुलीपाशी वरवंटा होता, तो घेतला. मेंढरांच्या दाव्याला बांधायचा धोंडा घेतला. आणि देवळीतला आमचा बिरोबा घेतला.

पंचनाम्यात तो "शेंदरी रंगाचा दगड, नग एक" असा आहे. साहेब, तो आमच्या घराण्यात किती पिढ्यांपासून आहे ते मला माहीत नाही, माझ्या सासूबाईंनाही माहीत नाही. मेंढरांबरोबर तो कर्नाटकापर्यंत जाऊन आलेला देव आहे, पण ठाण्यात कधी गेला नव्हता. मी भांडायला उठले तर सासूबाईंनीच मला मागं ओढलं. त्या हवालदारांना फक्त एवढं म्हणाल्या, "नेतूस तर ने बाबा, पर आडवा धरू नगंस. त्याला सवय न्हाय." आणि त्या हवालदारांनी टोपी काढली, देव उभा धरला आणि गाडीत मांडीवर घेऊन बसले. ऐकते की ते अजून रविवारी त्याच्यापुढे उदबत्ती लावतात. त्यांचं भलं होवो. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांचीही चौकशी लागायची.

वरवंटा नसल्यामुळे आमच्या घरी चटणी बंद आहे. हेही नोंद व्हावं.

८. त्याआधी, पंधरा ऑगस्टला, पंचायतीपुढे पोलिसांची गाडी उभी होती. सभा भर दुपारी झाली, झेंड्याची दोरी गुंडाळायच्या आत संपली. मी तिथे होते. बाया ओटीत खडे घेऊन आल्या, त्यांनी गाडी पाहिली, एकमेकींकडे पाहिलं आणि माघारी गेल्या. एकीने घाबरून खडा टाकून दिला असेल असं कुणाला वाटेल. मी घरोघरी फिरून पाहिलं. खडे तुळशीपाशी आहेत, देवळीत आहेत, एकीच्या तर पिठाच्या डब्यात आहेत. फेकायचे असते तर त्याच दिवशी फेकून झाले असते. फेकायची वस्तू कुणी इतके दिवस पिठात जपून ठेवत नाही.

९. सुनावणीनंतर अण्णाराव आमच्या अंगणात येऊन बाजेवर बसले. चहा घेतला. दोन वेळा. ते म्हणाले, "वहिनी, लेकरू हाय, चुकलं. एक मिंटाचा व्हिडिओ टाकायला लावा. डोईवर पदर घ्यायचा, हात जोडायचं, माझी दिशाभूल झाली म्हनायचं. सोमवारच्या आत टाकला तर कागद फाटला म्हणून समजा." आणि काय बोलायचं ते लिहिलेलं रामलिंगने माझ्या फोनवर पाठवूनही दिलं. त्यात हेही होतं की व्हिडिओ पंचायतीच्या बोर्डापुढे उभं राहून काढावा. चांगला उजेड असावा.

आता मला सांगा, कागद आपल्या कार्यालयाचा, मग तो फाडायचा अधिकार अण्णारावांकडे कुठून आला? हा प्रश्न मी रागाने विचारते आहे. पण उत्तर शांतपणे दिलं तरी चालेल.

असे व्हिडिओ मी पाहिलेले आहेत. हल्ली रोज एखादा येतो. कुणीतरी काहीतरी खरं बोललेलं असतं, आणि दोन दिवसांनी तेच लेकरू भिंतीपुढे हात जोडून उभं असतं. डोळे दुसरीकडे, कुणीतरी समोरून कागद धरलेला. लोक खाली हसण्याची चित्रं टाकतात. माझ्या मुलीला लहानपणापासून मी एकच धाक घातला : कुणाच्या घरचं काही न सांगता उचलू नकोस. हात जोडायचा धाक घातला नाही, कारण ती आपणहून जोडायची. देवळात, जेवायला बसताना, एसटीच्या कंडक्टरने बसायला जागा दिली तरी. तेच हात आता तिच्याकडून मागताहेत.

ज्ञानेश्वरी त्या दिवशी अण्णारावांना एवढंच म्हणाली, "काका, हात जोडते. दिशाभूल कुणी केली त्याचं नाव तेवढं सांगा, व्हिडिओत घेते." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि गेले.

पण नंतर ती बोलायची थांबली. जेवते, कॉलेजला जाते, पण घरात तिचा आवाज नाही. जी पोरगी भाकरी भाजताना पण बातम्या वाचल्यासारखी बोलायची. परवा मी घरी मागं ठेवलेल्या मेंढरांना पेंड घालून आत आले तर ती माझा फोन गाडग्याला टेकवून त्याच्यापुढे उभी होती. डोईवर माझा पदर. हात जोडलेले. मी दारातच थांबले. ती उभी राहिली, उभी राहिली, आणि शब्द आला नाही. मग तिने फोन पालथा घातला. मला म्हणाली, "आई, माझ्यामुळं आजीचा देव तिकडं बसलाय." साहेब, आपण ज्या मुलीला शांततेचा धोका म्हणता, ती मुलगी हे बोलली.

मी तिच्या वडिलांना फोन लावला. ते कळप घेऊन डोंगरपट्ट्यात आहेत, टेकडी चढल्याशिवाय त्यांना रेंज येत नाही. कापलेला व्हिडिओ त्यांनाही कुणीतरी दाखवलेला होता. माझा नवरा कमी बोलतो. ते म्हणाले, "मेंढरू वळवाया म्या रोज खडा टाकतो. खडा मेंढराला मारायचा नसतो, त्याच्या फुडं टाकायचा असतो. मंग ते थांबतं, बघतं अन् वळतं. पोरीला सांग, तिचा नेम बराबर हाय." हे मी साक्ष म्हणून आपल्यापुढे ठेवते. साक्षीदार टेकडीवर आहे, समन्स तिथे पाठवावे लागेल.

त्या दिवसापासून पोरगी थोडं बोलते. व्हिडिओ काढलेला नाही. काढणार नाही.

१०. आता सुनावणीविषयी, कारण ती आपल्यासमोर झाली. आपल्या टेबलावर तो कापलेला व्हिडिओ तीनदा लावला गेला. मी हात वर करून म्हटलं, पूर्ण व्हिडिओ पाहा. आपले कारकून म्हणाले, रेंज नाही. कापलेल्याला रेंज होती आणि पूर्णला नव्हती. आपण मुलीला एकच प्रश्न विचारला : "पाचच का? सहा का नाही?" मला त्या वेळी आशा वाटली, की साहेबांना जाणून घ्यायचंय. ती म्हणाली, "साहेब, प्रश्न पाच होते." आपण ते लिहून घेतलं नाही. आपण पुढची तारीख लिहिली.

गावात असंही बोलतात की येत्या निवडणुकीत आमच्या वॉर्डातून ज्ञानेश्वरी उभी राहणार, म्हणून हे सगळं. ती तसं बोललेली नाही. तिच्या मनात तेव्हा ते नव्हतंही. पण एखाद्याला रोज सांगत गेलं की तू धोका आहेस, धोका आहेस, तर त्यालाही कधीतरी आपली ताकद कळते. हे श्रेय ज्याचं त्याला द्यावं.

लोक म्हणतात ही पिढी मोबाईलमध्ये बुडाली. मीही म्हणत होते. रात्री अंथरुणात ते निळं तोंड पाहून मी शिव्या दिल्या आहेत. पण आमच्या पिढीने बुडायला मोबाईल नसताना काय केलं? टाकी कोरडी, तर आम्ही दुसऱ्या आडाला गेलो. खांब नाही, तर कंदील घेतला. ग्रामसभा दुपारी, तर आम्ही खुरपायला गेलो आणि बरंच झालं म्हणालो. पोरं मोबाईलमधून मान वर काढून पहिल्यांदा गावाकडे बघतात, तेव्हा आपण त्यांचा मोबाईल जप्त करतो आणि म्हणतो, मान खाली घाल आणि हात जोड. मग ती बुडाली तर दोष कुणाचा?

११. तरी खालील मागण्या आहेत. पाच आहेत, सहा का नाहीत ते वर आले आहे. मागण्यांबरोबर पाच खडे एका फडक्यात बांधून आणले आहेत, ते या अर्जाचा भाग समजावेत. पहिला खडा, ज्ञानेश्वरीवरील कारवाई बाँडाशिवाय काढून टाकण्याचा. दुसरा, तिचा फोन परत देण्याचा, जसा नेला तसा, आतलं काही न पुसता. तिसरा, आमचा बिरोबा घरी आणण्याचा. तो कुणाही शिपायाच्या हाती न देता त्याच हवालदारांच्या हाती द्यावा, आणि उभा आणावा. वरवंटा व धोंडा आडवे आले तरी हरकत नाही. चौथा, २ ऑक्टोबरची ग्रामसभा दिवे लागायच्या वेळेला घेण्याचा, आणि तिथे माझी मुलगी बसेल व बोलेल असा लेखी निरोप सरपंचांना देण्याचा. पाचवा, माफीचा व्हिडिओ मागणे हे कोणत्या कायद्यात बसते ते सांगण्याचा. बसत नसेल तर तसे दोन ओळींत लिहून द्यावे, मी तो कागद पंचायतीच्या दारावर चिकटवीन, यावेळी पाऊस लागणार नाही असा.

१२. आता अडचण एकच. हा अर्ज आवक टेबलावर देताना तिथल्या ताईंना सोबतच्या वस्तूचं नाव लिहावं लागेल. त्यांनी "हत्यार" असे लिहिले, तर मी हत्यार घेऊन तहसील कार्यालयात शिरलेली बाई ठरते. तेव्हा मला तिथेच धरावे, मी पळणार नाही, गुडघे दुखतात. आणि त्यांनी "खडे" असे लिहिले, तर मग माझ्या मुलीच्या हातातले तरी दुसरे काय होते? ज्या हाताने हे लिहाल त्याच हाताने तिचा कागद फाडावा. दोन्हीपैकी काहीही लिहा, पण लिहा, शिक्का मारा आणि पोच माझ्या हातात द्या. न लिहिता बाजूला ठेवू नये. बाजूला ठेवण्याची सवय पंचायतीला आहे, ती इथे लागू नये.

१३. पोरीने व्हिडिओत जो नियम सांगितला तोच इथे चालेल. ज्या मागणीचे उत्तर मिळेल तिचा खडा मी परत घरी नेईन. ज्याचे मिळणार नाही, तो आपल्या कार्यालयाच्या पायरीपाशी ठेवून जाईन. फेकणार नाही. सोमवारी ज्ञानेश्वरी ठरलेल्या वेळेला हजर होईल, पण सहीसाठी नव्हे. नोटिशीत तिला जाब देणार म्हटले आहे, ती जाब देईल, पूर्ण, मधून न कापता. आपण रेंजची सोय करून ठेवावी.

तिच्याबरोबर पहिल्या एसटीने उंबरदऱ्याच्या बाया येत आहेत. त्यात माझ्या सासूबाई आहेत, त्या हंडा घेऊन येणार म्हणतात, बसायला. पिठाच्या डब्यातले खडे काढून, धुऊन, पुसून ठेवले आहेत. प्रत्येकीच्या ओटीत पाच आहेत. आपली पायरी रुंद आहे, मी बघून ठेवली आहे. चुना करायला आम्हाला येतो. भिंत आपली.

आवक टेबलासमोरच्या बाकावर
पोच मिळेपर्यंत बसलेली,

अयोध्या बिराप्पा देवकते
(सही स्वतःची, अंगठा नाही)

सोबत :
१) नोटिशीची झेरॉक्स, जेवढी उरली तेवढी.
२) पंचनाम्याची प्रत. "शेंदरी रंगाचा दगड, नग एक" या ओळीखाली रेघ मी मारली आहे.
३) पूर्ण व्हिडिओ, शंतनूने पेनड्राइव्हमध्ये भरून दिलेला. याला रेंज लागत नाही.
४) खडे, पांढरे, पाच. त्यातला सर्वांत लहान सासूबाईंनी माळावर बसून, सरकत सरकत जाऊन वेचलेला आहे. तो पहिल्या मागणीचा आहे. तो तरी मला परत न्यायचा आहे.